हायबरनेट पूर्ण बंद करावं की फाइल लहान करावी?

सी ड्राइव्ह लाल झाला, म्हणजे जागा संपत आली, की पहिली नजर हायबरफिल डॉट सिस या लपलेल्या फाइलवर टाका. हायबरनेट म्हणजे उघडं काम डिस्कवर साठवून मशीन पूर्ण बंद करणं, आणि ते काम याच फाइलमध्ये साठवलं जातं. विंडोज १० आणि ११ मध्ये तिचा नेहमीचा आकार रॅमच्या ४० टक्के असतो, म्हणजे १६ जीबी रॅमवर साधारण साडेसहा जीबी. ती हातानं डिलीट करू नका. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा.

‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ (इंग्रजी अक्षरांत टाइप करा) दिलं की फाइल पूर्ण जाते. सोबत फास्ट स्टार्टअपही, म्हणजे मशीन लवकर सुरू करणारी विंडोजची सोय, जातं. एसएसडी असेल तर ते फारसं जाणवत नाही. जुन्या हार्डडिस्कवर मात्र सकाळी मशीन सुरू व्हायला चांगलाच वेळ लागतो.

‘पॉवरसीएफजी /एच /टाइप रिड्यूस्ड’ दिलं तर फाइल २० टक्क्यांवर येते, फास्ट स्टार्टअप टिकतं. पण हायबरनेट इथंही मिळत नाही, आणि नेमकं हेच बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

आपल्याकडं, खानापूरच्या पावसात तर विशेष, लाईट कधी जाईल सांगता येत नाही. स्लीपमध्ये ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी संपली की सेव्ह न केलेलं सगळं जातं. हायबरनेट केलेलं काम डिस्कवर सुरक्षित राहतं. म्हणून लॅपटॉपवाल्यांनी दोन्ही कमांड टाळाव्यात आणि जागा दुसरीकडून काढावी. बेळगावातल्या डीटीपीच्या दुकानात, एसएसडी आणि यूपीएस असलेल्या डेस्कटॉपवर मी बिनदिक्कत पहिला पर्याय निवडेन. दुसरा फक्त जुन्या हार्डडिस्कसाठी. नंतर हायबरनेट हवंसं वाटलं, तर आधी ‘पॉवरसीएफजी /एच ऑन’ आणि मग ‘पॉवरसीएफजी /एच /टाइप फुल’ द्या.