ग्रहणातले आवाज टिपणारी ‘एक्लिप्स साउंडस्केप्स’ची सेवा

सूर्यग्रहणात पशुपक्षी कसे वागतात याच्या ऐकीव गोष्टी पुष्कळ असल्या, तरी एकमेकींशी ताडून पाहता येतील अशा नोंदी थोड्याच आहेत. १९३२ च्या ग्रहणात बोस्टन सोसायटी ऑफ नॅचरल हिस्टरीने सामान्य लोकांकडून निरीक्षणे मागवली, तेव्हा जवळपास ५०० टिपणे जमली होती. तोच प्रयोग नासाच्या अर्थसाहाय्याने नव्याने करणाऱ्या ‘एक्लिप्स साउंडस्केप्स’मध्ये मी ८ एप्रिल २०२४ च्या खग्रास ग्रहणात ओहायोतून सहभागी झाले.

निरीक्षणे लिहून पाठवणे किंवा ध्वनिमुद्रण करणे, असे दोन्ही मार्ग येथे खुले होते. माझ्या मते दुसरा मार्ग अधिक मोलाचा, कारण टिपण लिहिणारा माणूस काही तरी नवल घडण्याची वाटच पाहत असतो. ‘ऑडिओमॉथ’ हा छोटा ध्वनिमुद्रक मात्र ग्रहणाच्या दोन दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत झाडावर बांधलेला राहतो, त्यामुळे ग्रहणाच्या दुपारी रॉबिन पक्ष्यांनी केलेला कलकलाट एरवीच्या दुपारपेक्षा खरोखर वेगळा होता का, हे पडताळता येते. या शिस्तीसाठीच मी या सेवेला मनापासून दाद देते.

तिची मर्यादाही स्पष्ट आहे : जे आवाज करत नाही ते तिच्या हाती लागत नाही. १९९१ च्या ग्रहणात मेक्सिकोतील कोळी (स्पायडर) या जिवांनी अंधार होताच जाळी उतरवायला घेतली, पण ज्यांच्यावर दिव्याचा प्रकाश सोडला होता त्यांनी ती तशीच ठेवली. २०१७ मध्ये वायोमिंगमधील सेजब्रश झुडपांचे प्रकाशसंश्लेषण आणि बाष्पोत्सर्जन ग्रहणकाळात घटले. यांतले काहीही ध्वनिफितीत उमटणार नाही, म्हणून वनस्पतींमध्ये रस असणाऱ्यांनी येथून फारशी अपेक्षा ठेवू नये.

२ ऑगस्ट २०२७ रोजी महाराष्ट्रातून खंडग्रास ग्रहण दिसेल. त्या वेळी हीच पद्धत वापरू पाहणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की २०१७ मध्ये मिसुरी विद्यापीठाच्या अभ्यासात मधमाश्या खंडग्रास अवस्थेत गुणगुणत राहिल्या होत्या आणि सूर्य पूर्ण झाकल्यावरच जवळजवळ गप्प झाल्या होत्या. शिवाय आपल्याकडे ते ग्रहण पावसाळ्यात आणि कलत्या दुपारी येणार असल्याने पावसाचा आवाज आणि संध्याकाळची नेहमीची किलबिल ग्रहणाच्या परिणामात मिसळेल. तेव्हा केवळ त्या एका दिवसाचे मुद्रण करून काहीही सिद्ध होणार नाही.