अलेक्झांड्रिया: कैतबेचा किल्ला की कोम अल-शुकाफाची भुयारी दफनभूमी?

अलेक्झांड्रियात एकाच स्थळापुरता वेळ असेल, तर पावले साहजिकच कैतबेच्या किल्ल्याकडे वळतात; मामलुक सुलतान कैतबेने १४७७ ते १४७९ या काळात बांधलेला हा किल्ला भूकंपांनी ढासळलेल्या प्राचीन दीपस्तंभाच्या जागी उभा आहे. मात्र तो दीपस्तंभ तिथे कल्पनेनेच पाहावा लागतो. १९०० मध्ये उजेडात आलेली कोम अल-शुकाफाची दफनभूमी मला अधिक मोलाची वाटते, कारण खडकात खोदलेल्या गोल जिन्याने खाली उतरल्यावर रोमन सैनिकाच्या चिलखतातील अनुबिस, म्हणजे इजिप्तचा कोल्हेमुखी देव, समोर येतो आणि या बंदरात झालेली इजिप्शियन, ग्रीक व रोमन परंपरांची सरमिसळ दगडात कोरलेली दिसते. समुद्राचे दृश्य हवे असेल, तर अर्थातच किल्ला निवडावा.