मक्याला जिवाणू खत: एक फसलेला हंगाम, एक जमलेला

राहतो इंदूरला, रामबागेत. जमीन सांवेरच्या बाजूला, दोन एकर काळी. दोन खरिपांपासून मक्याला अ‍ॅझोस्पिरिलम, म्हणजे नत्र देणारे जिवाणू, आणि पीएसबी, म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू, देतोय. पहिल्याच वर्षी लिहायला बसलो असतो तर दोन शब्दांत आटोपलं असतं: पैसे पाण्यात.

चूक बरीचशी माझीच. पाकिटं मे महिन्यात आणून पत्र्याच्या खोलीत टाकली. पेरणीच्या दिवशी गुळाच्या पाण्यात कालवून संकरित बियाण्याला चोळली. बियाणं गुलाबी होतं. तो गुलाबी लेप बुरशीनाशकाचा, पिशवीवर तसं छापलेलंही होतं, वाचतो कोण! उकाड्यातून जे जिवाणू वाचले असतील ते त्या लेपाने मेले. दुकानदारानेही बियाणं आणि पाकिटं एकाच पिशवीत घालून दिलं, अवाक्षर न काढता.

यंदा पाकिटं पेरणीच्या दहा दिवस आधी, तारीख बघून घेतली आणि बियाण्याला हातच लावला नाही. दोन्ही पावडरी एकरी दोन-दोन किलो, ५० किलो मुरलेल्या शेणखतात मिसळून, वर ओलं पोतं टाकून आठवडाभर सावलीत ठेवल्या आणि पेरताना तासात, म्हणजे ओळीच्या चरात, सोडल्या. डीएपी या नत्र-स्फुरदाच्या रासायनिक खताच्या पेटीत मात्र घातल्या नाहीत. (१९२४ नंतर इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कंपोस्टची पद्धत याच इंदूरात बसवली, जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. आमचा उकिरडा मात्र परवापर्यंत उन्हात वाळत पडलेला.)

मक्याला हेक्टरी १२०:६०:४० किलो नत्र, स्फुरद, पालाश धरलं तर एकरी डीएपीची एक गोणी, ४५ किलोच्या दोन गोण्या युरिया आणि अर्ध्या गोणीहून थोडं जास्त पोटॅश लागतं. एका एकराला हे सगळं दिलं. दुसऱ्याला जिवाणू दिले आणि युरिया अर्धी गोणी कमी केला. शिवाय या दुसऱ्या एकराच्या कोपऱ्यातल्या चार ओळींना फक्त जिवाणू, युरिया शून्य. पाकिटावर ‘युरियाला पर्याय’ असं लिहिलं होतं, म्हटलं बघूच.

त्या चार ओळींनी गुडघ्याएवढं होताच निकाल दिला. खालची पानं टोकाकडून मधल्या शिरेने पिवळी पडत आत सरकली. तुरा येईपर्यंत तो कोपरा बांधावरून ओळखू यायचा.

पंचविसाव्या दिवशी दोन्हीकडचं एकेक रोप खुरप्याने मातीसकट काढून बादलीत बुडवलं. जिवाणूवाल्याची बारीक मुळं जास्त होती आणि त्यांना चिकटलेली माती हलवूनही सुटेना. वाटेकरी काका म्हणाले, “भिया, गांठें किधर हैं?” सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी बघितलेला माणूस, विचारणारच. मक्याला गाठी येत नाहीत. अ‍ॅझोस्पिरिलम मुळाच्या आसपास आणि थोडं आत राहतं, जरासा नत्र देतं आणि मुळं वाढवणारी संप्रेरकं सोडतं. मला वाटतं, खरा फायदा या दुसऱ्या कामाचा.

स्फुरदाचं म्हणाल तर काळ्या जमिनीतला चुना तो धरून ठेवतो, पीएसबी आम्लं सोडून थोडा सुटा करतात. जुलैच्या झडीत पानांच्या कडा जांभळ्या व्हायच्या, त्या यंदा जिवाणूवाल्या एकरात कमी दिसल्या. तरी डीएपी कमी करायची हिंमत झाली नाही.

मका खाणाऱ्या अमेरिकन लष्करी अळीवर याचा काडीचा उपयोग नाही. ती २०१८ पासून देशात आहे, फवारण्या करायच्या त्या केल्याच.

उत्पन्नात दोन एकरांत एका पोत्याचाही फरक नाही. म्हणजे अर्धी गोणी युरिया वाचला, पण पाकिटांचे पैसे वजा केले तर हातात काहीच उरत नाही. ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली तेव्हा जिवाणूवाल्या एकरातली पानं दुपारी उशिरा वळायची. पण तो तुकडा नाल्याकडचा, तिथली माती मुळातच खोल. पुढच्या वर्षी तुकडे उलटे करून बघणार आहे.

अ‍ॅझोस्पिरिलमचं एक पाकीट उरलंय, फ्रिजमध्ये आहे. सहा महिन्यांचीच मुदत, म्हणून गव्हाच्या पेरणीत संपवतोय. आईला तिचा दह्याचा कप्पा परत हवाय.