दिव्यांग विद्यार्थ्यासाठी ऑनलाइन अभ्यासक्रम: स्वयम, एडएक्स, कोर्सेरा, युडेमी की आपला गोव्याचा दिष्टावो?

माझा भाचा जन्मापासून दृष्टिहीन आहे. बी.कॉम. झाल्यावर त्याने एका खासगी संस्थेचा हिशेबाचा ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला. पहिला आठवडा छान गेला. व्हिडिओ ऐकायचे, टिपणं काढायची, संध्याकाळी मला सांगायचं. दुसऱ्या आठवड्यात चाचणी आली. डावीकडचे चौकोन माऊसने ओढून उजवीकडच्या रकान्यात टाकायचे होते. तो स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम, वापरतो. त्याचा फोन आला, “मामा, हे नुसतं ‘बटण, बटण’ म्हणतंय. कसलं बटण ते सांगतच नाही.” आम्ही संस्थेला तीन ईमेल पाठवले. उत्तर आलं नाही, फीही परत मिळाली नाही.

तेव्हापासून गोव्यातल्या फोंड्यात ओळखीपाळखीतलं कोणी अभ्यासक्रमाबद्दल विचारायला आलं, की मी शेवटून सुरुवात करतो. आधी परीक्षा कशी होते ते पाहायचं, मग चाचण्या, मग वाचायचं साहित्य आणि व्हिडिओ सगळ्यात शेवटी. मोफत दाखवला जातो तो व्हिडिओ, आणि तो बहुतेक ठिकाणी बराच असतो. विद्यार्थी अडतो तो त्याच्या पुढे. म्हणून खालची तुलनाही त्याच क्रमाने केली आहे.

परीक्षा कुठे आणि कशी

‘स्वयम’ हे केंद्र सरकारचं व्यासपीठ ९ जुलै २०१७ पासून सुरू आहे. त्यावरचे आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीचे अभ्यासक्रम एनपीटीईएल या त्यांच्याच संयुक्त ऑनलाइन उपक्रमामार्फत येतात. शिकायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षा शुल्क भरायचं. एनपीटीईएलमध्ये गृहपाठाला २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात. ती परीक्षा घरी नाही, केंद्रावर जाऊन द्यावी लागते.

दिव्यांग विद्यार्थ्याला याचा फायदाही होतो आणि त्रासही. फायदा असा की लेखनिक मागता येतो आणि जादा वेळ मिळतो. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जास्त द्यायची असतात. ही मागणी अर्ज भरतानाच नोंदवा आणि यूडीआयडी कार्ड (केंद्र सरकारचं दिव्यांगत्वाचं ओळखपत्र) हाताशी ठेवा. परीक्षेच्या आठवड्यात धावपळ करून काही होत नाही. त्रास प्रवासाचा. सत्तरी किंवा काणकोण तालुक्यातून व्हीलचेअरवरच्या मुलीला सकाळच्या सत्रासाठी केंद्रावर पोचवायचं म्हणजे घरातल्या एका माणसाची रजा आणि गाडीभाडं आलंच. शिवाय केंद्राच्या इमारतीला रॅम्प आहे का, लिफ्ट चालू आहे का, हे आधी कोणीतरी जाऊन पाहिलेलं बरं.

कोर्सेरा आणि एडएक्स या परदेशी व्यासपीठांवर बहुतेक परीक्षा घरूनच होतात. स्वतःचा संगणक, स्वतःचा स्क्रीन रीडर, स्वतःचा वेग. माझा भाचा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर ज्या वेगाने ऐकतो, त्यातलं मला एक अक्षर कळत नाही. केंद्रावर लेखनिकाच्या तोंडून संथपणे ऐकण्यापेक्षा त्याला हे कितीतरी सोपं जातं. मात्र गुण मिळणाऱ्या चाचण्या अनेकदा फी भरल्यावरच उघडतात. काही अभ्यासक्रमांत वेबकॅमवरून देखरेख असते, आणि परीक्षार्थीची नजर पडद्यावरून हलली की अशा प्रणाली ती संशयास्पद म्हणून नोंदवतात. दृष्टिहीन माणसाची नजर पडद्यावर खिळणार कशी? अशी देखरेख आहे का आणि तिच्यातून सूट मिळते का, हे फी भरण्याआधी लेखी विचारा.

जो अजून कॉलेजात शिकतो आहे, त्याच्यासाठी स्वयमच्या पारड्यात एक मोठी गोष्ट पडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठ एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) स्वयमच्या अभ्यासक्रमांतून देऊ शकतं. परदेशी व्यासपीठाचं प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जात शोभतं, पण पदवीच्या गुणपत्रिकेत आपोआप येत नाही.

चाचण्या आणि गणित

इथे माझं मत स्पष्टपणे एडएक्सच्या बाजूने आहे, आणि त्याला इतिहास आहे. २०१५ साली अमेरिकेच्या न्याय खात्याशी झालेल्या समझोत्यात एडएक्सने आपलं संकेतस्थळ, मोबाइल अॅप आणि अभ्यासक्रमांचं व्यासपीठ डब्ल्यूसीएजी २.० या वेबच्या सुगम्यतेच्या (दिव्यांगांनाही वापरता येण्याच्या) आंतरराष्ट्रीय निकषाच्या मधल्या, म्हणजे ‘एए’ पातळीवर आणण्याचं मान्य केलं. त्यांच्याकडे समीकरणं मॅथजॅक्सने मांडतात. म्हणजे समीकरण हे चित्र नसतं, तो मजकूर असतो, आणि स्क्रीन रीडर त्यात शिरून अंश, छेद, घातांक वेगवेगळे वाचू शकतो. संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, प्रोग्रामिंग शिकणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला या एका गोष्टीने सगळा फरक पडतो. समीकरण फोटो म्हणून चिकटवलं असेल, तर त्याला ऐकू येतं फक्त ‘चित्र’.

कोर्सेराचे पर्यायी उत्तरांचे प्रश्न कीबोर्डवरून नीट सोडवता येतात आणि व्हिडिओखाली पूर्ण लिखित मजकूर असतो. पण काही अभ्यासक्रमांत प्रात्यक्षिकासाठी तुम्हाला दुसऱ्याच कंपनीच्या साधनात नेलं जातं. तिथे कोर्सेराची सुगम्यता कामाला येत नाही, त्या साधनाची जी असेल तीच तुमची. अभ्यासक्रमाच्या वर्णनात ‘लॅब’ किंवा ‘प्रोजेक्ट’ दिसलं, की ते कुठे उघडतं हे शोधा.

युडेमीवर प्रत्येक शिक्षक आपापला अभ्यासक्रम बनवतो, त्यामुळे युडेमी सुगम आहे की नाही या प्रश्नाला एक उत्तर नाही. एक शिक्षक पडद्यावरची प्रत्येक ओळ वाचून दाखवतो, दुसरा “हे इथे टाका, ते तिथे टाका” म्हणत पुढे जातो. युडेमीची खरी सोय म्हणजे ३० दिवसांत पैसे परत मागता येतात. घेतलात तर पहिल्या दोन दिवसांतच मधले आणि शेवटचे धडे उघडून पाहा.

कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी हिशेब वेगळा

आमच्या शेजारची मुलगी कर्णबधिर आहे. तिची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा. मराठी दुसरी, इंग्रजी तिसरी. तिला “सबटायटल आहेत ना, मग झालं” असं सांगणं म्हणजे मला जर्मन सबटायटल देऊन रसायनशास्त्र शिकायला बसवणं. शाळेपर्यंत तिच्यासाठी बरंच काही झालं आहे. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२० मध्ये एनसीईआरटीशी करार करून पाठ्यपुस्तकं सांकेतिक भाषेत आणायला घेतली, ते व्हिडिओ ‘दीक्षा’ या केंद्र सरकारच्या शालेय शिक्षणाच्या व्यासपीठावर आहेत. केंद्राच्या शब्दकोशात १०,००० पेक्षा जास्त शब्द आहेत. डिसेंबर २०२४ पासून पीएम ई-विद्या या सरकारी शैक्षणिक योजनेची ३१ क्रमांकाची टीव्ही वाहिनी खास सांकेतिक भाषेसाठी सुरू आहे. बारावीपर्यंतच्या मुलांसाठी मी बिनदिक्कत ‘दीक्षा’ सुचवतो.

बारावीनंतर मात्र रस्ता अरुंद होतो. वरच्या मोठ्या व्यासपीठांवर पदवीचा पूर्ण विषय भारतीय सांकेतिक भाषेत मिळेल अशी आशा धरू नका. मग प्रश्न उरतो तो कॅप्शनच्या दर्जाचा. अमेरिकेतल्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१५ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीवर नेमका याच मुद्द्यावर खटला भरला होता. हार्वर्डशी २०१९ मध्ये आणि एमआयटीशी २०२० मध्ये समझोता झाला. आज या विद्यापीठांच्या व्याख्यानांखाली नीट तपासलेलं कॅप्शन असण्यामागे त्या लोकांचे कष्ट आहेत, आणि त्याचा लाभ फोंड्यातल्या मुलीलाही होतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

यंत्राने बनवलेलं कॅप्शन ओळखायचं कसं? यूट्यूबच्या कॅप्शनच्या यादीत भाषेपुढे ते आपोआप तयार झाल्याचं लिहिलेलं असतं. विरामचिन्हं नाहीत, विशेषनामं चुकलेली, तांत्रिक शब्दाच्या जागी भलताच शब्द, अशा खुणा दिसल्या की समजा. एनपीटीईएलकडे अनेक व्याख्यानांचा लिखित मजकूर मिळतो आणि निवडक अभ्यासक्रमांचा मराठी अनुवादही. दुभाषासोबत बसून शिकणाऱ्या मुलीला हा कागद आदल्या दिवशी हातात मिळाला, तर धड्याचा वेळ निम्मा होतो.

दिष्टावो कुठे बसतो

गोव्याच्या उच्च शिक्षण संचालनालयाने २०२० मध्ये ‘दिष्टावो’ सुरू केला. इथल्याच कॉलेजांचे शिक्षक, गोवा विद्यापीठाचा अभ्यासक्रम, छोटे व्हिडिओ, सोबत लिखित मजकूर, आणि सगळं मोफत. बहुतेक इंग्रजीत आहे, पण बोलणारा माणूस आपल्यातला असल्यामुळे उच्चार कानाला ओळखीचे लागतात. माझ्या दृष्टीने हा अभ्यासक्रमापेक्षा आधार आहे. कॉलेजच्या वर्गात मागे पडलेल्या दृष्टिहीन मुलाला तोच विषय पुन्हा ऐकायला, कर्णबधिर मुलीला वाचायला, आणि डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला थांबवून थांबवून दोन्ही करायला. फक्त स्लाइडवरची आकृती शिक्षक शब्दांत सांगतात का, ते विषयागणिक पाहावं लागतं.

मराठी साहित्याचा एक सापळा सांगतो, कारण तो कुठल्याच जाहिरातीत दिसत नाही. आपल्याकडे कितीतरी नोट्स आजही श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसतं, पण स्क्रीन रीडर त्याच्या मागची रोमन अक्षरं नि चिन्हं बडबडतो. पीडीएफमधली एक ओळ निवडून व्हॉट्सअॅपमध्ये चिकटवून पाहा. मराठीच उमटलं तर ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्राला मराठी म्हणून कळणाऱ्या अक्षरांत आहे. भलतंच उमटलं किंवा ओळ निवडलीच गेली नाही, तर ती नोट तुमच्या मुलासाठी कोरा कागद आहे. शिक्षकाला मूळ फाइल युनिकोडमध्ये द्यायला सांगा. एकदा कारण कळलं की शिक्षक देतात, असा माझा अनुभव आहे.

घरी करायची तपासणी

वीस मिनिटं पुरतात. माऊस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब, बाण आणि एंटरने लॉगिनपासून चाचणीपर्यंत पोचता येतं का पाहा. हाताच्या हालचाली मर्यादित असलेल्यांसाठी हीच तपासणी निर्णायक आहे. अडवणारी ठिकाणं ठरलेली आहेत: चित्र ओळखायला लावणारा कॅप्चा, तीस सेकंदांत संपणारा ओटीपी, ओढून टाकायचे चौकोन. मग विंडोजवर विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबून नॅरेटर हा विंडोजचाच स्क्रीन रीडर सुरू करा, किंवा मोफत मिळणारा एनव्हीडीए घाला. अँड्रॉइड फोनवर तसाच टॉकबॅक आहेच. पडदा दुप्पट मोठा करा, मजकूर कापला जातो का पाहा. शेवटी आवाज बंद करून एक पूर्ण धडा समजतो का, ते बघा.

कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह आणि ‘अक्षर मोठं करा, रंग बदला’ असा तरंगता फलक दिसला, तर त्यावर विसंबू नका. ज्याला नाव दिलेलं नाही ते बटण त्या फलकामुळे बोलकं होत नाही.

पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही रुसतात, त्यामुळे धडे उतरवून ठेवता येतात का हेही पाहा. कोर्सेराच्या अॅपमध्ये तशी सोय आहे, एनपीटीईएलचे व्हिडिओही उतरवता येतात.

मी कोणाला काय सुचवतो

गणित किंवा प्रोग्रामिंग शिकणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला एडएक्स. पदवीसाठी श्रेयांक हवे असतील तर स्वयम, लेखनिकाची मागणी पहिल्याच दिवशी नोंदवून. कर्णबधिर शाळकरी मुलांना ‘दीक्षा’, पुढच्या शिक्षणाला लिखित मजकूर पूर्ण असलेला कुठलाही अभ्यासक्रम, तो कोणत्या व्यासपीठावर आहे हे दुय्यम. घराबाहेर पडणं अवघड असलेल्यांना कोर्सेरा किंवा एडएक्स. युडेमी छोट्या कौशल्यासाठी, परतीची मुदत कॅलेंडरवर लिहून.

आणि कॉलेजने किंवा नोकरी देणाऱ्याने एखादं व्यासपीठ सक्तीचं केलं, ते मात्र चालत नाही, असं झालं तर गप्प बसू नका. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा डिजिटल साहित्यही सुगम असावं असं सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सुविधा वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. गोव्यात दिव्यांगजनांसाठी राज्य आयुक्त आहेत, तिथे तक्रार करता येते.

सगळ्यांत खरी माहिती मात्र वापरणाऱ्यांकडेच असते. पणजीत जानेवारी २०२३ मध्ये पहिला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव झाला, तिथे भाच्याला त्याच्यासारखे शिकणारे भेटले. पुढचा अभ्यासक्रम निवडताना त्यांनीच त्याला एक ईमेल लिहून दिला: चाचण्या कीबोर्डवरून सुटतात का, समीकरणं मजकूर आहेत की चित्रं, जादा वेळ कसा मागायचा, अडलो तर कोणाशी बोलायचं. तो त्याने तीन ठिकाणी पाठवला. एका ठिकाणाहून साचेबद्ध आभार आले, एका ठिकाणाहून काहीच नाही. तिसऱ्या ठिकाणाहून चौथ्या दिवशी उत्तर आलं. कुठल्या दोन चाचण्या अजून ओढून टाकायच्या आहेत आणि त्याऐवजी काय देता येईल, हे त्यांनी स्वतःहून लिहिलं होतं. भाचा आता तिथे शिकतो आहे.