अ‍ॅल्युमिनियम की तांबे? भट्टी टाकण्याआधीचा हिशेब

कुपवाड एमआयडीसीत ओतकामाची छोटी भट्टी टाकायची असेल, तर बर्नर आणि मूस (धातू वितळवायचे भांडे) नंतर बघा, आधी धातू ठरवा. बरेच जण नुसता वितळबिंदू बघतात. अ‍ॅल्युमिनियमचा ६६० अंश, तांब्याचा १०८५, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम कमी उष्णतेत वितळणार! किलोचा हिशेब मांडला की उलटे निघते.

सुरुवात ३० अंशांपासून धरू. अ‍ॅल्युमिनियम एक किलो, एक अंश तापवायला ०.९ किलोज्यूल लागतात. ६३० अंशांचे ५६७ झाले. पण ६६० गाठले म्हणून धातू लगेच पातळ होत नाही. काटा तिथेच थांबतो आणि धातू आणखी ३९७ किलोज्यूल पिऊन घेतो. दहावीत शिकलेला अप्रकट उष्मा तो हाच. एकूण ९६४ किलोज्यूल, म्हणजे ०.२७ युनिट. तांब्याचे ४०६ अधिक २०५, एकूण ६११, ०.१७ युनिट. (तापेल तशी धातूची उष्णतेची भूक वाढते, म्हणून दोन्हींत आठ-दहा टक्के वर धरा.)

मात्र गिऱ्हाईक नग मागते. अर्ध्या लिटरच्या साच्यात अ‍ॅल्युमिनियम १.३५ किलो बसते, तांबे साडेचार किलोच्या आसपास. त्याच नगाला अ‍ॅल्युमिनियम ०.३६ युनिट घेते, तांबे ०.७६. दुपटीहून जास्त.

शिवाय भट्टीच्या उघड्या तोंडातून प्रारणाने जाणारी उष्णता. केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताने ती वाढते, त्यामुळे तांब्याच्या वितळबिंदूला ती अ‍ॅल्युमिनियमच्या साडेचार पट होते. तांबे करणार असाल तर झाकणात काटकसर करू नका.

नवख्याने अ‍ॅल्युमिनियमपासूनच सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. साध्या हीटर कॉइलची विजेची भट्टी त्याला पुरते. गॅसच्या ज्वाळेतली वाफही टळते. त्या वाफेतला हायड्रोजन अ‍ॅल्युमिनियममध्ये विरघळून कास्टिंगला बारीक छिद्रे पाडतो. मूस ग्राफाइटची घ्या, लोखंडी भांडे अ‍ॅल्युमिनियम हळूहळू खाते. आणि पावसाळ्यात भिजलेले भंगार वितळलेल्या धातूत कधीही टाकू नका, स्फोट होतो.

तासाला २० किलो अ‍ॅल्युमिनियम ओतायचे असेल, तर ओतण्यापुरते वर तापवणे धरून धातूलाच सव्वासहा युनिट लागतील. निम्मी उष्णता भिंतींत आणि हवेत गेली असे धरा, आणि साडेबारा-तेरा किलोवॅटचे हीटर व थ्री-फेज कनेक्शन मागा.