पीयूच्या नावाखाली कपाटांवर दुसराच रंग

स्वयंपाकघराच्या कपाटांना पीयू पेंट (पॉलियुरेथेनचा रंग) करून घ्यायचा विचार असेल, तर कंत्राटदाराला पहिला हप्ता देण्याआधी हे वाचा. आमच्याकडे लाकूड, बिजागऱ्या, मापं सगळं ठरल्याप्रमाणे आलं. फसवणूक झाली ती वरच्या रंगाच्या थरात. तो थर एक मिलिमीटरचाही नसतो आणि नवा असताना खरा-खोटा नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही, म्हणूनच या धंद्यात ही लबाडी इतकी सहज खपते.

पीयू आम्ही पूर्ण विचार करून निवडला होता. शटरवर, म्हणजे कपाटाच्या दारावर, चौकटीची साधी खोबण कोरलेली हवी होती आणि कडक लॅमिनेट अशा खोबणीत बसत नाही. अॅक्रिलिकचा पत्राही सपाट शटरवरच शोभतो, शिवाय त्याच्या चकाकीवर बोटांचे ठसे उठतात. मेम्ब्रेन खोबणीत छान बसतं, पण ती एमडीएफवर (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीवर) गरम करून, हवा ओढून चिकटवलेली पीव्हीसीची पातळ फॉइल असते. शेगडी किंवा ओव्हनशेजारी सतत उष्णता लागली की तिच्या कडा सुटायला लागतात. उरला पीयू: सांधा नाही, हवा तो रंग, हवी तेवढी चमक, आणि टवका उडाला तर तेवढ्यापुरती दुरुस्ती. रंग ठरला उबदार झाकेचा पांढरा, मॅट. कंत्राटदाराने हातभर लांबीचा नमुना आणून दिला. तो खरोखर देखणा होता, नख ओढलं तरी चरा उठत नव्हता. "ताई, अगदी हाच माल लागणार, निश्चिंत राहा," असं तो म्हणाला.

नमुना खरा पीयूच होता. कपाटांवर चढला तो ड्युको, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग.

या दोन्हींतला फरक इथे सविस्तर सांगते, कारण सगळा खेळ त्यातच आहे. पीयू दोन डब्यांत येतो. एकात रंग, दुसऱ्यात रंगाला कडक करणारा हार्डनर. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात मिसळले की रासायनिक क्रिया सुरू होते आणि मिश्रण काही तासांत वापरून संपवावं लागतं, नाहीतर ते भांड्यातच घट्ट होतं. एकदा पक्का झालेला थर पुन्हा थिनरमध्ये विरघळत नाही. हात लावण्याइतका तो लवकर सुकतो, पण पूर्ण कडक व्हायला साधारण आठवडा घेतो. ड्युकोत असं काही घडत नाही. त्यातला थिनर उडून जातो आणि मागे थर उरतो, बस. तो मिनिटांत सुकतो, उरलेला रंग झाकण लावून दुसऱ्या दिवशी वापरता येतो, आणि थर कितीही जुना झाला तरी थिनर लागला की पुन्हा मऊ पडतो. उष्णता, वाफ, तेल आणि रोजचं पुसणं यांपुढे तो टिकत नाही, उजेडाने पिवळाही पडतो. काही कामांसाठी तो चांगला रंग आहे. पण स्वयंपाकघरात, पीयूच्या दराने आणि पीयूच्या नावाने तो मारणं ही सरळ चोरी आहे.

काम चालू असताना खुणा समोरच होत्या. पेंटर सकाळी आदल्या दिवशीचाच डबा उघडून स्प्रे गनमध्ये ओतत होता. एका हातावर दुसरा हात भराभर चढत होता. हार्डनरचा डबा कुठेच नव्हता, आणि त्याबद्दल विचारल्यावर कंत्राटदाराने लगेच सांगितलं, "तो कंपनीतूनच मिसळून येतो." हे अशक्य आहे. मिसळून आलेला पीयू पोहोचेपर्यंत डब्यात दगड झाला असता. पण नव्याने घर उभं करणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार? कंत्राटदाराला ते पक्कं ठाऊक होतं आणि त्याच भरवशावर तो बोलत होता.

पहिले काही महिने सगळं छान दिसलं. मग खिडकीजवळची शटरं पिवळसर पडायला लागली. शेगडीच्या वरच्या कपाटाची खालची कड हाताला चिकट लागू लागली आणि कितीही पुसली तरी चिकटपणा जाईना. मुठींभोवती मॅटपणा जाऊन चमकदार डाग उठले. एका मुठीचा स्क्रू घट्ट करायला ती काढली, तर तिच्या पाठीखाली मूळ पांढरा रंग तसाच होता आणि भोवतीचं सगळं शटर लोण्यासारखं पिवळट. तिथे शंकेला जागाच उरली नाही.

कंत्राटदाराला बोलावलं. त्याचं उत्तर तयार होतं: "पांढरा पीयूसुद्धा पिवळा पडतो, ताई. वाफेचं घर आहे." यातला अर्धा भाग खरा आहे, आणि हाच अर्धा भाग लोकांना गप्प करतो. पीयूचे हार्डनर वेगवेगळ्या प्रकारचे असतात. अॅरोमॅटिक हार्डनर वापरला तर पांढरा पीयूही उजेडात पिवळा पडतो. अॅलिफॅटिक हार्डनरचा पीयू मात्र पिवळेपणाला सहसा दाद देत नाही, आणि फिकट रंगांसाठी तोच घ्यायचा असतो. तेव्हा पिवळा पडला एवढ्यावरून पीयू नव्हता असं सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते थिनरने.

एका ओळखीच्या पॉलिशवाल्याने ते आमच्यासमोर करून दाखवलं. शटरच्या आतल्या बाजूला, बिजागरीजवळ, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे त्याने थिनरमध्ये भिजवलेला कापूस थोडा वेळ दाबून धरला आणि चोळला. रंग कापसावर उतरला आणि खाली सरफेसर, म्हणजे रंगाआधी मारलेला अस्तराचा थर, दिसायला लागला. मग तीच क्रिया त्याने कंत्राटदाराच्या त्या पहिल्या नमुन्यावर केली. कापूस स्वच्छ राहिला. नमुना आम्ही जपून ठेवला होता म्हणून हे दाखवता आलं.

ही चाचणी करणार असाल तर काम झाल्यावर निदान आठवडाभर थांबा, कारण कच्च्या पीयूवरही थिनरचा परिणाम होतो. गॅस बंद ठेवा, खिडक्या उघडा, थिनर झटकन पेट घेतो. आणि अॅक्रिलिक किंवा मेम्ब्रेनच्या शटरवर चुकूनही करू नका, चांगला माल कायमचा खराब होईल.

रंगाच्या छटेतही अशीच पळवाट ठेवलेली होती. आम्ही आंतरराष्ट्रीय शेडकार्डावरून क्रमांक दिला होता, राल ९०१०. प्रत्यक्षात पेंटरने नमुना शेजारी ठेवून नजरेने रंग जुळवला. दिवसा तो जुळतही होता. पण दोन रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेले असले की एका उजेडात सारखे दिसणारे दुसऱ्या उजेडात वेगळे पडतात. आमच्या २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली कपाटं नमुन्यापेक्षा हिरवट दिसायची. त्याहून वाईट म्हणजे, हातांनी जुळवलेल्या रंगाची कुठे नोंद नसते, त्यामुळे एक शटर पुन्हा रंगवायचं म्हटलं तरी तोच रंग परत मिळत नाही. मॅट चमकही शटरागणिक वेगळी होती. मॅट करणारी पूड डब्याच्या तळाशी बसते आणि नीट ढवळलं नाही तर असं होतं. ही मात्र फसवणूक नव्हे, निव्वळ निष्काळजीपणा.

भरपाई मागितली तेव्हा कंत्राटदाराने कोटेशन पुढे केलं. त्यात लिहिलं होतं, "मॅट पीयू किंवा तत्सम फिनिश, ग्राहकाच्या पसंतीच्या रंगात." सगळा डाव 'तत्सम' या शब्दात दडवलेला होता. रंगाचा क्रमांक नाही, चमकेचा आकडा नाही, हार्डनरचा उल्लेख नाही. वर त्याने मोठेपणाने सुचवलं की याच्यावरच पीयूचा एक हात मारून देतो. त्या पॉलिशवाल्याने लगेच अडवलं. पीयूचा जोरकस थिनर खालच्या ड्युकोला उचलतो आणि सगळा थर सुरकुततो. म्हणजे दुसऱ्यांदा पैसे गेले असते आणि शटरं आणखी बिघडली असती. शेवटी प्रत्येक शटर सरफेसरपर्यंत खरवडून नव्याने रंगवावं लागलं, आणि तो सगळा खर्च आमच्यावरच पडला. खोबणीतला रंग खरवडताना काही ठिकाणी नक्षीची धारही गेली, ती काही परत आली नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही कामाच्या कागदावर हे शब्द घातले: दोन घटकांचा पीयू, अॅलिफॅटिक हार्डनरसह, रंगाचा क्रमांक अमुक, ६० अंशांच्या कोनात मोजलेली चमक १० किंवा कमी, शटरची आतली बाजूही पूर्ण रंगवलेली, कारण एकाच बाजूला जाड थर चढला तर शटर वाकू शकतं, सीलबंद डबे आणि हार्डनर ग्राहकासमोर उघडायचे. 'तत्सम', 'समकक्ष', 'त्या दर्जाचं' हे शब्द खोडून त्यावर दोघांच्या सह्या. नमुन्याच्या पाठीवर दोघांची सही आणि तारीख, आणि तो नमुना आमच्या ताब्यात. आधी एकच शटर पूर्ण करून घेतलं, आठवडाभरानंतर त्याच्या आतल्या कोपऱ्यात थिनरचा कापूस चोळून पाहिला, रात्री आपल्याच दिव्यांखाली रंग पाहिला, आणि मगच बाकीच्यांना हात लावू दिला. शेवटचा हप्ता सगळ्या शटरांची तशीच तपासणी होईपर्यंत रोखून ठेवला.

या अटी वाचून एका कंत्राटदाराने काम नाकारलं. "एवढा अविश्वास असेल तर दुसरा माणूस बघा," असं तो म्हणाला, आणि आम्ही दुसरा बघितला. त्याने कागद वाचला, डब्यांचा फोटो आधीच पाठवला आणि हार्डनरचं प्रमाण आमच्यासमोर मोजून घातलं.