दोन देखणी हॉटेलं, आणि माझं मत गोदामाला

एकाच शहरात, एकमेकांपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर दोन बुटीक हॉटेलं, म्हणजे छोटी, खास सजावटीची. एक जुन्या गोदामाच्या इमारतीत, दुसरं नव्या कोऱ्या टॉवरमध्ये. भाडं उन्नीस-बीस, फोटो दोघांचेही मोहात पाडणारे. थोरली बहीण आणि मी दोन्हीकडे राहून आलो, आणि तेव्हापासून जो तो विचारतोय, ‘कुठलं बुक करू?’ म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. ज्यांना घाई आहे त्यांनी गोदाम बुक करावं आणि कामाला लागावं.

मी नाटकांची प्रकाशयोजना करते. खोलीत शिरल्यावर लोक आधी पलंग बघतात, मी दिवे बघते. हे परीक्षण त्याच नजरेचं आहे, तेवढं ध्यानात ठेवा.

आधी टॉवर. लॉबीला मी पैकीच्या पैकी गुण देईन. भिंती मुद्दाम अंधारात ठेवल्यात, उजेड फक्त टेबलांवर, आणि कमी उंचीच्या दिव्यांमुळे समोर बसलेला प्रत्येक माणूस दहा वर्षांनी तरुण दिसतो. ही युक्ती या हॉटेलांच्या रक्तातच आहे म्हणा. १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये ‘मॉर्गन्स’ सुरू झालं आणि बुटीक हॉटेलांची लाट आली. ते काढणारे इयन श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल आधी ‘स्टुडिओ ५४’ हा नाइटक्लब चालवायचे. माणसं कुठे घुटमळतात, कुठल्या उजेडात खुलतात, हे त्यांना पाठ होतं. टॉवरवाल्यांनी तो धडा लॉबीपुरता नीट गिरवलाय. खोलीत मात्र झोपायचं असतं, ते ते विसरले.

न्हाणीघराची भिंत काचेची. बटण दाबलं की काच दुधी होते, पुन्हा दाबलं की आरपार. तंत्र तसं सोपं आहे: काचेच्या दोन थरांमध्ये द्रव स्फटिकांची फिल्म असते, वीज चालू असेल तर पारदर्शक, बंद केली की दुधी. म्हणजे दिवे गेले तरी अब्रू शाबूत राहते. पण ते बटण न्हाणीघराच्या आत नाही, पलंगाशेजारी आहे!

‘अगं, मी आत असताना कुणी दाबलं तर?’ ताई.

‘कुणी म्हणजे? खोलीत मी एकटीच आहे.’

‘म्हणूनच विचारतेय.’

शेवटी तिने बटणावर चिकटपट्टी लावली. नवरा-बायको असाल तर तुमचं तुम्ही बघा. आई, बहीण, मैत्रीण किंवा ऑफिसातलं कुणी सोबत असेल, तर अशा खोलीच्या वाटेला जाऊ नका.

दिव्यांसाठी भिंतीवर टच पॅनेल. त्यावर ‘शांत’, ‘सायंकाळ’ असल्या नावांचे तयार देखावे, पण फक्त उशाजवळचा एक दिवा लावायची सोय नाही. त्यात डिमर स्वस्तातला. दिवे मंद केले की डोळ्यांना बारीक त्रास होतो, कारण कळत नाही. शंका आली तर मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरून पाहा. स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले तर दिवा लुकलुकतोय. घरगुती वीज सेकंदाला ५० किंवा ६० आवर्तनांची असते, आणि हलक्या प्रतीचे एलईडी त्याच्या दुप्पट वेगाने चढउतार करतात. डोळा ते पकडत नाही, पण काहींचं डोकं धरतं. माझं धरतं. पलंगासमोर टीव्हीखाली निळा ठिपकाही रात्रभर जळत होता. त्याच्यावर मोजा टाकला.

आणि गच्चीवरचा बार. शेवटच्या दोन मजल्यांवर खोली मिळाली तर रात्री उशिरापर्यंत छतातून ठोके येतात. गाण्याचे शब्द अडतात, पण खालच्या सुरांचा दणका इमारतीच्या सांगाड्यातूनच उतरतो. त्याला पडदे, गालिचे काही उपाय नाही. झोपायच्या खोलीत सलग आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९९मध्येच सांगून ठेवलंय. स्वागतकक्षातल्या मुलाने हसतमुखाने कानातले बोळे आणून दिले. टेबलाच्या खणात भरलेला डबाच होता, म्हणजे आमची तक्रार पहिली नसावी.

आता गोदाम. जुनी इमारत आणि समोर रहदारीचा रस्ता, त्यामुळे मी कान तयार ठेवूनच गेले होते. आत शिरून खिडकी लावली आणि रस्ता गप्प. इमारत संरक्षित असल्यामुळे जुन्या खिडक्या बदलता आल्या नाहीत, म्हणून आतून दुसरी खिडकी बसवलीय, मध्ये वीतभर जागा सोडून. आवाज अडवायला ही मोकळी जागा फार कामाची. नेहमीच्या दुहेरी काचेत फट इतकी अरुंद असते की उष्णता अडते, आवाज तितका नाही.

न्हाणीघर छोटं, पांढऱ्या साध्या टाइल्सचं, आणि दार खरं, कडी लागणारं! आरशाच्या दोन्ही बाजूंना उभे दिवे. टॉवरमध्ये दिवा डोक्यावर होता, त्यामुळे डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावल्या पडून मी सकाळी सकाळी खलनायिका दिसत होते. इथे चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो. साधेपणाची ही परंपराही ‘मॉर्गन्स’चीच: तिथे बजेट तोकडं होतं, तर आंद्रे प्युटमन या डिझायनरबाईंनी स्वस्त काळ्या-पांढऱ्या टाइल्स वापरल्या आणि त्याच त्या हॉटेलची ओळख ठरल्या. उशाशी मानेपासून वळणारा वाचायचा दिवा, प्रत्येकीला वेगळा, बटण दिव्यावरच. एकीने वाचावं, दुसरीने घोरावं. कोण काय करत होतं ते सांगत नाही.

उणिवा आहेतच. कपाट नाही, भिंतीला खुंट्या आणि एक नळी. चार दिवसांचे कपडे घेऊन आलेल्या ताईने यावर जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही. लिफ्टमध्ये दोन माणसं किंवा एक माणूस आणि एक बॅग. लॉबी म्हणजे चार खुर्च्या. कुणाला भेटायला बोलावणार असाल तर टॉवरच बरा. लाकडी जमीन कुरकुरते, वरच्या खोलीतला पाहुणा पहाटे उठला की तुम्हालाही कळतं.

त्यावर उपाय म्हणजे सगळ्यात वरचा मजला मागायचा. संकेतस्थळावर तशी निवड करता येत नाही, फोन करून सांगावं लागतं, आणि ते ऐकतात. त्याच फोनवर खिडकी कुठे उघडते तेही विचारा. सगळ्यात स्वस्त वर्गातल्या काही खोल्यांच्या खिडक्या आतल्या चौकात उघडतात. तिथे दिवसाउजेडी दिवा लावावा लागतो, पण झोप मात्र सगळ्यात छान लागते.